नळदुर्ग : बोरी नदीतील नौकाविहार

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी वसलेले नळदुर्ग हे नगरपरिषदेचे शहर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर सोलापूरच्या पूर्वेस सुमारे ४५ किमी.वर आहे. शहराला लागून त्याच नावाचा विस्तीर्ण किल्ला आहे. त्याच्या तटाचा घेर सुमारे तीन किमी. असून बुरूज शंभराहून अधिक आहेत. किल्ल्यातील जुन्या धरणाने अडवलेल्या बोरीच्या पाण्यात पर्यटकांसाठी नौका चालतात. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात नदीच्या पाण्यावरून एखादे ऐतिहासिक स्थळ पाहण्याची सोय असणे विरळाच. दुर्गशास्त्राच्या प्रचलित वर्गीकरणात नळदुर्ग भुईकोट गणला जातो आणि ते योग्यच आहे. तरीही त्याच्या रचनेत दगडाइतकेच पाणीही बांधकामाचे साहित्य म्हणून वापरले आहे. नावेतून पाहताना हे जितके स्पष्ट कळते तितके तटावरून फिरताना कळत नाही.

शहर नदीतून पाहण्याची रीत आशियात जुनी आहे. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीतल्या बोटी आजही रोजच्या वाहतुकीचे साधन आहेत आणि वाराणसीचे घाट पाहायचे तर गंगेत नाव घालावीच लागते. गोव्यात मांडवीवर पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोट चालते. या नद्या बारमाही तरी आहेत किंवा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तरी आहेत. दख्खनच्या पठारावरच्या नद्यांचा स्वभाव वेगळा. बेसॉल्टच्या कातळावरून वाहणारे त्यांचे पात्र उथळ आणि खडकाळ असते. पावसाळ्यात त्या दोन्ही थड्या भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांचे डोह तेवढे उरतात. त्यामुळे इथे नावेचे काम मुख्यतः नदी ओलांडण्याचे राहिले. पूर आला की तरीवर नावाडी असे. नाव नसेल तिथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करून माणसे पलीकडे जात. गूळ करण्याची काहील पाण्यात सोडून तिच्यातून नदी पार केल्याच्या आठवणी ऊसपट्ट्यातील गावांत आजही सांगितल्या जातात. लांबच्या पल्ल्याचा माल मात्र बैलाच्या पाठीवरून किंवा गाडीतूनच जाई.

याचा जिल्ह्यातला सर्वांत जुना दाखला तेर येथे मिळतो. तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी बाजारपेठ म्हणून तगरचे नाव येते. भूमध्य समुद्रापर्यंत ज्याचा व्यापार पोचला होता असे हे नदीकाठचे शहर. पण तिथले कापड भडोचच्या बंदरापर्यंत गेले ते गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून. तेरणेने तगरला पाणी दिले, विटांना माती दिली. पुढे तेराव्या शतकात संत गोरोबाकाका याच गावी मडकी घडवत होते. तेरणा ही तगरची जलवाट मात्र कधी झाली नाही. जिल्ह्यात आज नौकाविहार शक्य आहे तो माणसाने पाणी अडवल्यामुळेच, आणि सर्वांत देखण्या रीतीने पाणी अडवले गेले ते नळदुर्गला.

बोरी ही भीमेची उपनदी. बालाघाटच्या डोंगराळ भागातून निघून ती नळदुर्गवरून सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात उतरते. नळदुर्गजवळ बेसॉल्टचे एक पठार नदीच्या खोऱ्यात पुढे घुसले आहे आणि किल्ला त्याच्यावर उभा आहे. नदीच्या अंगाला तट कड्याच्या कडेकडेने नेला असून जमिनीच्या अंगाला काळ्या कातळात रुंद खंदक खोदला आहे. नदीपलीकडे रणमंडळ नावाचा छोटा, स्वतंत्र तटबंदीचा किल्ला आहे. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्यामधला नदीचा गाळा बांध घालून अडवला आहे. हा बांधच पलीकडे जाण्याचा पूलही आहे. त्यामुळे मागे पाणी तुंबून तटाच्या पायथ्याला तळे झाले आणि किल्ल्याला पाण्याचा कायमचा शेजार मिळाला. शत्रूला त्या बाजूने शिडी लावणे किंवा सुरुंग खोदणे अवघड झाले असणार, हे नावेत बसून वर पाहिले की सहज पटते. पाण्याच्या पातळीवरून तट आहे त्याहून उंच वाटतो.

नळराजा आणि दमयंती यांच्या कथेशी गावाचे नाव जोडले जाते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून इथे गढी असल्याची परंपरा आहे. बहमनी राज्य फुटल्यावर हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही यांच्या सरहद्दी जवळ असल्यामुळे नळदुर्गवर तिघांचीही नजर असे. पहिल्या अली आदिलशाहाने (कारकीर्द १५५८–१५८०) दगडी तटबंदी मजबूत केली आणि किल्ल्याला शाहदुर्ग हे नाव दिले. ते नाव दप्तरात राहिले. लोकांच्या तोंडी नळदुर्गच टिकला.

धरण आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या (कारकीर्द १५८०–१६२७) काळचे काम आहे. तिथल्या फारसी शिलालेखात १०२२ हे हिजरी वर्ष, म्हणजे इ. स. १६१३, दिले असून मीर मुहम्मद इमादीन याला या कामाचा स्थपती मानतात. इब्राहिम हा संगीताचा जाणकार सुलतान. ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह त्याने स्वतः रचला. त्याच्या राजवटीत सीमेवरच्या एका लष्करी ठाण्यात पाणी ऐकण्यासाठी आणि पाहण्यासाठी महाल उभा राहिला, यात त्या दरबाराची अभिरुची दिसते.

पाणीमहालाची कल्पना सोपी आहे. धाडसी आहे ती अंमलबजावणी. सुमारे १७४ मीटर लांबीच्या या दगड-चुन्याच्या धरणाच्या भिंतीत मध्यावर खोल्या ठेवल्या आहेत. माथ्यावरून अरुंद जिन्याने त्यांत उतरता येते. खालच्या प्रवाहाकडे तोंड केलेल्या खिडक्या आणि सज्जे आहेत. तळे भरले की जास्तीचे पाणी सांडव्यांवरून पलीकडे झेपावते. बसणाऱ्याच्या एका बाजूला तुंबलेली नदी आणि दुसऱ्या बाजूला कोसळणारी नदी, मध्ये काही हातांची भिंत. आणि खोली कोरडी. सांडव्यावरून पडणाऱ्या दोन धारांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. धरणे पुष्कळांनी बांधली. मात्र धरणाच्या भिंतीतच बैठक करून पुराकडे निवांत पाहत बसण्याची हिंमत आणि त्यासाठी लागणारा आपल्या बांधकामावरचा भरवसा दख्खनमध्ये इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे दिसत नाही. चारशे वर्षांचे पूर या भिंतीने पचवले आहेत.

नावेतून हे धरण अर्धेच दिसते. नाव चालते ती वरच्या, साठलेल्या अंगाला. तिथून धरणाचा माथा, त्यावरची ये-जा आणि दोन्ही बाजूंचे तट दिसतात; धबधबे दिसत नाहीत, त्यांचा आवाज तेवढा येतो. पूर्ण चित्र हवे असेल तर आधी नावेतून तळ्याचा विस्तार पाहावा, मग धरणावर चढून पाणीमहालात उतरावे आणि शेवटी खालच्या अंगाने मागे वळून भिंत पाहावी. हा क्रम उलटा केला तर नौकाविहार फिका पडतो. तळ्यातून वर पाहताना तटाचा पाया कातळात कसा बसवला आहे, बुरूज कुठे पुढे काढला आणि कुठे मागे घेतला, हे एका ओळीत वाचता येते. पाकळ्यांसारख्या नऊ अंगांचा नवबुरूज आणि ७७ पायऱ्यांचा उपळ्या बुरूज ही किल्ल्याची ठळक ओळख. उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ या लांब तोफा आहेत. तिथून बोरीचे वळण आणि आसपासचा मुलूख एका नजरेत येतो. पाण्यावर बसून जे तुकड्यातुकड्याने पाहिले त्याचा नकाशा या बुरुजावर जुळतो. हुलमुख दरवाजा, जामा मशीद, हत्तीखाना आणि रंगमहाल पायी फिरूनच पाहायचे.

मोगलांनी १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यानंतर नळदुर्ग त्यांच्याकडे आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्या वेळी कर्नल मेडोज टेलर इथे डेप्युटी कमिशनर होता. ठगांवरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) ही कादंबरी त्याचीच. ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गच्या धरणाचे आणि त्यावरून पडणाऱ्या पाण्याचे वर्णन केले आहे. त्याच्या लेखनात शासकाची अढी ठिकठिकाणी जाणवते. या धरणापुढे मात्र तो मनापासून थक्क झाला आहे. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे बराच काळ नळदुर्गच होते. ते विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिवला हलले आणि नळदुर्गचे प्रशासकीय महत्त्व ओसरले.

त्यानंतर एकदाच हे गाव अवघ्या देशाच्या नजरेत आले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरीवरचा पूल हैदराबादच्या सैन्याने उडवला असता तर हैदराबादची वाट तिथेच अडली असती. सातव्या ब्रिगेडने चपळाई करून तो पूल धडधाकट हाती घेतला आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गची ठाणी काबीज केली. त्या दिवशी धारातीर्थी पडलेले हवालदार बचित्तर सिंग यांना पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो तो याच दिवशी. किल्ला पाहायला येणारी बहुतेक माणसे बोरी ओलांडून पुढे जातात आणि या नदीचा हा इतिहास त्यांच्या कानावर पडत नाही. तो ठळक अक्षरांत सांगणारा फलक नदीकाठी हवा.

किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. बरीच वर्षे तो झुडपे आणि पडझड यांच्या ताब्यात होता. महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजनेखाली सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीने तो संगोपनासाठी घेतला. त्यानंतर साफसफाई झाली, बागा आल्या आणि बोरीच्या पाण्यात नौका उतरल्या. स्मारकात करमणुकीच्या सोयी किती असाव्यात याबद्दल इतिहासप्रेमींमध्ये दोन मते आहेत, आणि बागेची हिरवळ तटाच्या रूक्ष भव्यतेशी विसंगत वाटते हा आक्षेप रास्त आहे. नौकेबाबत तो लागू पडत नाही. ज्या तळ्यासाठी हा सारा उपद्व्याप चारशे वर्षांपूर्वी झाला, त्या तळ्यावर माणसांना नेणे हे किल्ल्याच्या मूळ हेतूला धरूनच आहे. अट एवढीच, की नावेतल्या माणसाला समोर काय आहे ते सांगणारा कोणी असावा. पंढरपूरला चंद्रभागेतला नावाडी पुंडलिकाचे मंदिर, महाद्वार घाट आणि विष्णुपद दाखवत, गोष्ट सांगत नाव वल्हवतो. गजबजलेले तीर्थ पाण्यावरून शांतपणे पाहण्याची ती मराठी मुलखातली जुनी आणि जिवंत रीत आहे. नळदुर्गच्या नावेत अजून ती गोष्ट रुजायची आहे.

नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरीवर आधुनिक काळातील बोरी धरण आहे. नळदुर्ग आणि तुळजापूर या शहरांना त्यातून पिण्याचे पाणी मिळते. ते धरण भरून वाहू लागले की नदीला पाणी येते आणि मगच किल्ल्यातील नर-मादी कोसळू लागतात. त्यामुळे धबधबा पाहण्याचा काळ साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भाद्रपद–आश्विनाच्या सुमारास येतो. पाऊस ओढ देतो त्या वर्षी धबधबा पडत नाही आणि तळ्याची पातळीही उतरते. धबधबा सुरू झाल्याची बातमी आली की सोलापूर, लातूर, कलबुर्गीकडून गाड्यांची रीघ लागते. शेतकऱ्याच्या लेखी या बातमीचा अर्थ आणखी एक : वरचे धरण भरले.

नळदुर्गला येणाऱ्यांत यात्रेकरूंचे प्रमाण मोठे आहे. अक्कलकोट आणि तुळजापूर यांच्या मधल्या वाटेवर गाव असल्यामुळे स्वामींचे आणि भवानीमातेचे दर्शन घेणारी कुटुंबे इथे थांबतात. नवरात्रातल्या तुळजापूरच्या गर्दीचा ओघ नेमका धबधब्याच्या दिवसांत येतो. बोरीकाठी मैलारपूर येथे खंडोबाचे मंदिर आहे. हा देव वर्षातले सव्वादहा महिने शेजारच्या अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो. दोन्ही गावांनी तसा करार केला आहे आणि तो दरवर्षी पाळला जातो. पौष पौर्णिमेच्या यात्रेला मैलारपूरचे मैदान बैलगाड्या, वाघ्या-मुरळी आणि भंडाऱ्याने भरून जाते. तोवर नर-मादी थांबलेले असतात, पण पाऊस चांगला झालेल्या वर्षी तळ्यात पाणी असते आणि यात्रेला आलेली माणसे येळकोट झाल्यावर किल्ल्यात येऊन नावेत बसतात.