खाणकामगाराचे हात आणि छातीचे चित्र

दक्षिण वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या कोळसा निघत आला आणि त्याची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठत गेली. या धूलिरोगाला न्युमोकोनिऑसिस म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास रोगी कामगाराच्या भरपाईचा निर्णय वैद्यक मंडळाच्या तपासणीवर अवलंबून असे. कार्डिफच्या अशा मंडळावर डॉ. अँथनी कॅप्लन काम करीत असत.

धूलिरोगाच्या क्ष-किरण चित्रात प्रथम बारीक ठिपके दिसतात. पुढे फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठे, वेडेवाकडे डाग उमटतात. परंतु काही चित्रांत कॅप्लन यांना निराळेच आढळले. अर्ध्यापासून पाच सेंटिमीटरपर्यंत व्यासाच्या वाटोळ्या, रेखीव गाठी फुप्फुसांच्या कडेला विखुरल्या होत्या. धुळीच्या इतर खुणा मात्र थोड्याच. अशा गाठी पाहिल्या म्हणजे क्षय अथवा दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग यांची शंका येणे स्वाभाविक होते.

कॅप्लन यांनी चित्राबरोबर माणूसही पाहिला. हे कामगार ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने पीडलेले होते. सांध्यांचा विकार आणि छातीतील गाठी यांचा संबंध त्यांनी १९५३ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात मांडला. काहींच्या छातीत गाठी आधी दिसल्या व सांधे मागाहून धरले, हेही त्यांनी नोंदविले.

१९५५ साली जेथ्रो गफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींचे सूक्ष्म परीक्षण प्रसिद्ध केले. मध्यभागी मृत ऊतक, भोवती दाहाच्या पेशी आणि त्यांत काळ्या धुळीचे कडे, अशी त्यांची रचना होती. धूळ वगळली, तर संधिवाताच्या रोग्याच्या कोपराशी कातडीखाली येणाऱ्या गाठीशी तिचे साम्य होते. १९६२ साली कॅप्लन व सहकाऱ्यांनी रक्तातील ऱ्हुमॅटॉइड घटकाशीही तिचा संबंध जोडून दाखविला.

कोळशाची खाण कधीही न पाहिलेल्या संधिवाताच्या रोग्यांतही फुप्फुसात गाठी होतात, हे आता सर्वमान्य आहे. मात्र या ज्ञानातच एक धोका दडलेला आहे. संधिवात आहे म्हणून प्रत्येक गाठ संधिवाताचीच ठरत नाही. रोगी धूम्रपान करणारा असेल, तर ती कर्करोगाची असू शकते. रोगप्रतिकारशक्ती दडपणाऱ्या काही औषधांमुळे सुप्त क्षय जागा होऊ शकतो. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाने संधिवाताच्या गाठी वाढल्याचेही आढळले आहे. म्हणून जुनी चित्रे नव्याशी ताडून गाठ वाढते किंवा कसे ते पाहावे लागते. सीटी स्कॅन, थुंकीची तपासणी आणि शंका उरल्यास गाठीचा तुकडा काढून परीक्षण, असा क्रम लागतो.

निरुपद्रवी गाठीला कर्करोग समजून छाती उघडणे हे जितके वाईट, तितकेच कर्करोगाला संधिवात समजून स्वस्थ बसणेही घातक. कार्डिफच्या त्या तपासणीने नवा रोग दाखविला खरा. पण छातीचे चित्र वाचताना रोग्याचे हातही पाहावेत, हा तिचा धडा अधिक मोलाचा होय.