तिवरांची वने आणि खाराचे बांध

नांदगाव खंडेश्वर येथील हेमाडपंती देवळापाशी उभे राहून पाहिले, तर दृष्टी पोचेल तेथवर काळी जमीन, कपाशी आणि तूर यांवाचून दुसरे काही दिसत नाही. पूर्वेकडे जा की पश्चिमेकडे, समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. अशा ठिकाणी बसून समुद्रातील वनस्पतींविषयी लिहिणे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमच्या सुशिक्षित घरांत समुद्रातील एकच वनस्पती शिरलेली आहे, आणि तीही वेष पालटून. उन्हाळ्यात मुलांसाठी ज्या चायना ग्रासचा गोड पदार्थ थिजवितात, ते गवत नव्हे. समुद्रातील तांबड्या शेवाळाचा तो वाळविलेला रस होय. डॉक्टर मंडळी रोगजंतू वाढविण्यासाठी ज्या थिजलेल्या पातळ थराचा उपयोग करितात, तोही त्याचाच. समुद्राशी आपला संबंध येवढ्यावरच संपतो अशी वऱ्हाडात सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत खोटी आहे, हे नद्यांचा नकाशा पाहताच ध्यानात येते. आमच्या तालुक्यातील बेंबळा वर्धेस मिळते. वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी काकिनाड्याजवळ पूर्वसमुद्रास भेटते. उलट अकोल्याकडील पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून खंभातच्या आखातात जाते. म्हणजे वऱ्हाडचा पाऊस दोन्ही समुद्रांस वाटला गेला आहे. मृगाच्या सरींबरोबर आमच्या शेतांतील जी माती वाहून जाते, तिचा काही अंश गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा येथे साचतो, आणि त्या गाळावर खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या झाडांचे मोठे अरण्य आहे. १९७८ साली ते अभयारण्य झाले.

त्या अरण्याशेजारचे कोरिंगा हे एके काळी नामांकित बंदर होते. १७८९ च्या डिसेंबरात आणि पुन्हा १८३९ च्या नोव्हेंबरात वादळाबरोबर आलेल्या समुद्राच्या लाटांनी त्याचा विध्वंस केला, आणि दुसऱ्या तडाख्यानंतर ते बंदर पुन्हा वर आले नाही. किनाऱ्यावरील झाडी कितीही दाट असली तरी असल्या प्रलयास ती पुरी पडली असती, असे आम्ही म्हणणार नाही. लाटेचा जोर ती कमी करिते आणि मुळांत गाळ धरून ठेविते, येवढे मात्र निश्चित. अलीकडे तो गाळच कमी पोचतो. वर ठिकठिकाणी बांधलेल्या धरणांत माती अडून राहते आणि मुखाजवळचा किनारा समुद्र खाऊ लागला आहे. धरणांचे पाणी आम्हांस हवेच आहे. परंतु त्याच्या हिशेबात हा खर्च कोणी धरिला नव्हता.

समुद्रातील वनस्पती म्हणजे केवळ किनाऱ्यावरची झाडे व शेवाळ नव्हेत. त्यांतील बहुसंख्य इतक्या सूक्ष्म आहेत की ओंजळभर पाण्यात हजारो मावतात. पृथ्वीवरील एकंदर वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर दरसाल जेवढे अन्न तयार करितात, त्यापैकी सुमारे अर्धे ही तरंगणारी सृष्टी करिते आणि त्याच प्रमाणात प्राणवायूही सोडिते. विशेष हे की आमचा पाऊस आणि तिची सुगी एकाच वाऱ्यावर अवलंबून आहेत. नैर्ऋत्येचा मोसमी वारा अरबी समुद्रावरून वाहू लागला म्हणजे काही किनाऱ्यांलगत वरचे पाणी दूर लोटले जाते आणि खालचे थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. ते मिळताच सूक्ष्म वनस्पतींस बहर येतो; त्यांवर तारली पोसते आणि तारलीवर मोठे मासे. वऱ्हाडात पेरणीची घाई चालते त्याच दिवसांत तिकडे समुद्राचीही पेरणी होत असते. नारळी पौर्णिमेनंतर कोळी होड्या लोटतो, तो त्या पिकाच्या काढणीसाठीच.

किनाऱ्यावरील झाडांची गोष्ट निराळी, आणि मराठी माणसाच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आहे. समुद्रात उगवणारी झाडे पाहून परक्यांस फार पूर्वीपासून आश्चर्य वाटत आले. शिकंदराच्या आरमाराने इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणी आखातापर्यंत प्रवास केला, त्या मोहिमेवरील लोकांनी आणलेल्या माहितीवरून थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने त्यांचे वर्णन आपल्या वनस्पतिग्रंथात घातले. पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्या कामी त्यास केरळीय वैद्य इट्टी अच्युतन याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे साहाय्य होते. त्या ग्रंथात नोंदलेल्या ‘कांडेल’ या मलबारी नावावरून युरोपीय शास्त्रज्ञांनी एका जातीस ‘कांडेलिया’ हे लॅटिन धाटणीचे नाव दिले. आमच्या कोकणातील ‘कांदळ’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ दिसतो. शास्त्राच्या दरबारात या झाडास असा मान मिळत असता सरकारी दप्तरात मात्र ते ‘पडीक’ व ‘निरुपयोगी’ या सदरांत पडून होते, ही मोठी मौज आहे.

याचे कारण समजण्यास वऱ्हाडच्या माणसास अडचण पडू नये. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आमच्या दाराशीच आहे. विहिरीस पाणी आहे, पण ते पिण्याजोगे नाही. भिजवावे तर जमीन बिघडते. मीठ हा शेतकऱ्याचा किती निर्दय वैरी आहे, हे त्या गावांस विचारावे. कोकणात हेच मीठ भरतीच्या पाण्याबरोबर दिवसातून दोन वेळा शेताच्या कडेशी येते. तेव्हा खाडीकाठच्या कुळंब्याने तिवर, चिपी, कांदळ तोडून चिखलाचे बांध घातले, भरती बाहेर ठेविली, पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढिले आणि तेथे भात पिकविले. पेण-अलिबागकडील खारेपाट असा उभा राहिला; गोव्यातील खाजणे तशीच झाली. जमीन नव्याने घडविणाऱ्यास सवलत देणारी शिलोत्री ही वहिवाट कुलाबा जिल्ह्यात त्यातूनच आली. पिढ्यानपिढ्या कमरेइतक्या चिखलात उभे राहून केलेल्या या कष्टांस निसर्गाचा नाश म्हणून हिणविणे आमच्या जिभेवर येत नाही. त्याच खारेपाटातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला आणि खोतांच्या जमिनी पडीक राहू दिल्या. त्यावरून त्या भाताची किंमत किती रक्ताची होती हे कळून येईल. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, तोही या बांधांच्या रक्षणार्थ.

मुंबईची कथा मात्र कष्टाची नसून लोभाची अधिक आहे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या वेळी, १७८४ च्या सुमारास, वरळीची खिंड बांधाने बंद झाली. तेव्हापासून बेटाबेटांमधली दलदल भरून तिचे भूखंड करण्याचा जो उद्योग सुरू झाला, तो दोन शतके थांबला नाही. खाडीकाठच्या तिवरांवर राडारोडा पडत गेला. कोळ्यांनी तक्रार केली तर तिकडे लक्ष देणार कोण? वस्तुतः त्यांचे म्हणणे साधे होते. तिवराची पाने चिखलात कुजतात, त्यांवर किडे व खेकडे जगतात, कोळंबीची व कित्येक माशांची पिले त्या मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून लपून वाढतात. झाडी गेली की जाळे रिकामे येते. हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. फक्त ते इंग्रजीत लिहिलेले नव्हते.

२००५ च्या जुलैच्या २६ तारखेस सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी शहरात शिरली. तिचे पात्र व काठची तिवरे बुजविली गेल्याने पाण्यास पसरावयास जागा उरली नव्हती, हे त्या वेळी सर्वांस दिसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची तोड थांबविण्याचा हुकूम दिला आणि २०१८ साली तो अधिक पक्का केला. मध्यंतरी २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. २०१५ मध्ये ठाण्याची खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली. २०२० मध्ये चिपीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. ‘पडीक’ सदरातील झाडाची ही बढती पाहून आम्हांस आनंद झाला, हे सांगणे नलगे.

परंतु खारेपाटात हा आनंद निर्भेळ नाही. बांधांची डागडुजी गेल्या काही दशकांत ढिली पडली. पूर्वी गाव जमून फुटका बांध रातोरात भरून काढी. पुढे ते काम सरकारचे ठरले, माणसे मुंबईस गेली आणि भगदाडे तशीच राहिली. त्यांतून भरती आत आली, आणि भरतीबरोबर तिवराचे बीही आले. आजोबांनी तोडून शेत केले, त्या शेतात नातवाच्या डोळ्यांदेखत तिवर पुन्हा उभा राहिला. आता तो कायद्याने रक्षिलेला असल्याने त्यास कोयता लावता येत नाही. सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर वन, असा प्रकार झाला आहे. कोळी म्हणतो, खाडीत पुन्हा मासा दिसू लागेल. शेतकरी म्हणतो, माझ्या जमिनीचा मोबदला कोण देणार? दोघांचेही खरे आहे. न्यायालयाने झाडाचा निवाडा केला. या नातवाचा मात्र व्हावयाचा राहिला आहे, आणि दरम्यान दर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणास त्या भगदाडांतून पाणी आत येतच आहे.