मूळ रूप आणि फेरफार : ब्रिटिश फटफटीच्या इतिहासातील एक प्रश्न

सक्करदरा म्हटले की नागपूरच्या इतिहासाच्या अभ्यासकास नागपूरकर भोसल्यांचा वाडा, जुना तलाव आणि ताजुद्दीन बाबांचे तेथील वास्तव्य यांचे स्मरण होते. वाडा आणि दप्तर ही आपल्या अभ्यासाची रूढ साधने होत. परंतु याच वस्तीतून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुचाकी दुरुस्त करणाऱ्या लहानशा दुकानांच्या दारात, आणखी एक साधन उभे असते व त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते साधन म्हणजे ब्रिटिश घडणीची मोटारसायकल, लोकभाषेतील फटफटी होय. तिच्यावर वर्षानुवर्षे झालेल्या फेरफारांचा अर्थ कसा लावावा, आणि ते पुसून टाकून तिला ‘मूळ रूप’ देणे हे इतिहासाचे रक्षण की लोप, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथम या विद्येच्या जन्मभूमीकडे पाहणे इष्ट आहे. वाद्य लावताना जसा स्वरांचा मेळ साधावयाचा असतो, तसाच इंजिनातही हवा व इंधन यांचे प्रमाण, ठिणगीची वेळ, व्हॉल्व्हची उघडझाप आणि सिलिंडरमधील दाब यांचा मेळ साधावयाचा असतो. यासच ट्यूनिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये ही विद्या शर्यतीच्या मैदानावर वाढली. इ. स. १९३७ मध्ये वॉल हँडली या स्वाराने खास सिद्ध केलेल्या बी. एस. ए. गाडीवर ब्रुकलँड्सच्या मार्गाची फेरी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने पूर्ण केली; त्याबद्दल मिळालेल्या सुवर्णतारकेवरूनच पुढे ‘गोल्ड स्टार’ हे नाव रूढ झाले. इ. स. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीने मॅककँडलेस यांनी आखलेली ‘फेदरबेड’ चौकट शर्यतीत आणली. हौशी तरुणांनी तिच्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ हा संकर घडविला आणि लंडनच्या एस कॅफेसारख्या उपाहारगृहांभोवती ‘कॅफे रेसर’चा पंथ उदयास आला. या सर्व खटाटोपाचे उद्दिष्ट वेग हे होते. भारतात हे उद्दिष्टच पालटले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

भारतात बुलेटचे बस्तान बसले ते सैन्याच्या निमित्ताने. स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीसाठी सैन्याने रॉयल एनफील्डची ३५० घन सेंटिमीटरची बुलेट पसंत केली. इ. स. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहभागाने एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. आरंभी रेडिचहून आलेले भाग जोडण्यात येत, पुढे यंत्रसामग्री आली व बहुतेक सर्व भाग मद्रासेजवळच्या तिरुवोत्रियूर येथे बनू लागले. नंतर इतिहासाने विचित्र वळण घेतले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० मध्ये इंग्लंडमधील उत्पादन संपुष्टात आले. मात्र ७० मिलिमीटर बोअर व ९० मिलिमीटर स्ट्रोकचे तेच लोखंडी सिलिंडरचे इंजिन भारतात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तयार होत राहिले. मातृगृही संपलेली परंपरा परगृही जिवंत राहिली.

नॉर्टन, मॅचलेस, एरियल, बी. एस. ए. या गाड्यांना असे भाग्य लाभले नाही. इ. स. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवरील निर्बंध कडक झाले, आणि १९७० च्या दशकात ब्रिटिश मोटारसायकल-उद्योगच कोसळला. सुटे भाग मिळेनात. अशा स्थितीत गाडी चालू ठेवावयाची तर दोनच उपाय होते : हवा तो भाग लेथवर घडविणे, अथवा दुसऱ्या गाडीचा भाग जुळवून घेणे. लुकासच्या मॅग्डायनोच्या जागी बॅटरी व कॉइल आली, ॲमल कार्बोरेटरच्या जागी देशी मिककार्ब आला, झिजलेल्या सिलिंडरमध्ये भलत्याच गाडीचा पिस्टन बसला. सौराष्ट्रात तर बुलेटचा पुढचा भाग घेऊन ‘छकडा’ हे तीनचाकी वाहन निर्माण झाले. लंडनच्या तरुणाने गाडी बदलली ती हौसेने. आपल्या मिस्त्रीने बदलली ती गरजेने.

अशा गरजेला उत्तर देणारे हात नागपुरात असणे स्वाभाविक होते. येथे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि मोतीबागेत रेल्वेचा कारखाना उभा राहिला. गिरणी व रेल्वे यांना फिटर आणि लेथ चालविणारे कारागीर लागतात. शहरातील गॅरेजांची हस्तविद्या याच प्रवाहातून पाझरली असावी, असे अनुमान अयोग्य ठरू नये. जवळच १८२१ पासूनची कामठीची छावणी आहे, हेही विसरता येत नाही.

हवामानाचाही या विद्येशी निकटचा संबंध आहे. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेली हवा विरळ असते; परिणामी त्याच जेटमधून येणारे पेट्रोल हवेच्या मानाने अधिक होते, प्लग काळा पडतो व इंजिन जड चालते. म्हणून जाणता मिस्त्री उन्हाळ्यात मिश्रण किंचित पातळ करतो व दाट तेल वापरतो. अलीकडे याच्या नेमकी उलट अडचण उद्भवली आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे मिश्रण पातळ पडते. शिवाय जुन्या गाड्यांतील रबर व बूच यांच्या चकत्या त्याने खराब होतात. मे महिन्याचे ऊन लहान जेट मागते आणि नवे इंधन मोठा जेट मागते. या दोहोंमधील तडजोड रेडिचच्या कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नाही. प्लगचा रंग, सायलेन्सरचा आवाज आणि हाताला जाणवणारी उष्णता यांवरून मिस्त्री ती ठरवितो. बुलेटच्या पुशरॉडला टॅपेटमध्ये फट ठेवावयाची नसते. थंड इंजिनात ती बोटांनी सहज फिरावी, पण वरखाली हलू नये, एवढीच कसोटी असते. हे ज्ञान हातातून हातात जाते. कागदावर उतरत नाही.

याच ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सायलेन्सरमधील जाळी काढून फटाक्यासारखे आवाज काढणे म्हणजे ट्यूनिंग नव्हे. त्याने बहुधा शक्ती वाढत नाही, मिश्रणाचा मेळ मात्र बिघडतो, आणि शेजाऱ्यांची झोप मोडते. कायद्याची दृष्टी अशा प्रकारांवर कठोर असणे योग्यच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुनश्च स्पष्ट केले आहे.

परंतु खरा पेच निराळाच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली वाहने त्यात येतात. नियमाचा हेतू स्तुत्य आहे. मात्र मूळ रूपात राहिलेली गाडी बहुधा एखाद्या धनिकाच्या कोठीत झाकून ठेवलेली असते. जी गाडी रोज रस्त्यावर धावली, जिने दूधवाल्याचे कॅन वाहिले, जी मालकाबरोबर खेड्यापाड्यांत फिरली, ती मूळ रूपात राहूच शकत नव्हती. ती टिकली तीच मुळी बदलल्यामुळे. ज्या कारणाने ती आज अस्तित्वात आहे, त्याच कारणाने ती वारसा या संज्ञेबाहेर पडण्याचा संभव आहे.

याचा दुसरा परिणाम अधिक चिंताजनक वाटतो. मूळ रूपाला मोल आले, तेव्हा मालक गाडी उघडवितात, देशी भाग काढून टाकतात आणि परदेशातून मागविलेले भाग चढवितात. गाडी चकाकते, परंतु लेथवर घडविलेली ती बुशिंग, ठोकून बसविलेला तो कंस, झाळलेली ती चौकट भंगारात जाते. जुन्या पोथीच्या समासातील टिपा खरवडून काढणाऱ्या लेखनिकास आपण दोष देऊ. येथे तोच प्रकार जीर्णोद्धार या नावाने घडत आहे. मूळ संहितेची प्रत इंग्लंडच्या संग्रहालयांतून पाहावयास मिळेल. या टिपा मात्र अन्यत्र कोठेही मिळावयाच्या नाहीत.

गाडी सुंदर करू नये असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. एवढेच सुचवावयाचे आहे की, गाडी उघडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, जेटचा आकडा, पिस्टनचे माप व इंजिन-चौकटीचे क्रमांक टिपून ठेवावेत, काढलेले भाग चिठ्ठी बांधून जपावेत, आणि ज्या मिस्त्रीने ते बसविले त्याचे कथन त्याच्या हयातीत लिहून घ्यावे. वाड्यातील दप्तराला वाळवीपासून जपण्याची जी तळमळ आपण दाखवितो, तिचा अल्पसा अंश गॅरेजच्या दारातील या साधनासही मिळाला, तर नागपूरच्या श्रमजीवी इतिहासाचे एक पान वाचेल.