३१,२५० : नवी चिप, जुना आकडा

घरी बनवलेल्या मिडी-डबीतील मायक्रोकंट्रोलर बदलणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो वेगाचा. जुन्या चिपचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे, नव्या चिपचे १३३. तरीही पाच पिनांच्या केबलमधून संदेश जातात ते पूर्वीइतक्याच सावकाश : सेकंदाला ३१,२५० बिट. हा आकडा १९८३ साली ठरला आणि त्या केबलवर आजही तोच चालतो. तो कुठून आला आणि चिप बदलताना खरोखर काय बदलते, त्याविषयी हा धागा.

मिडीच्या केबलमधून ध्वनी जात नाही. अमुक पट्टी अमुक जोराने दाबली, अमुक खटका फिरवला, एवढीच वर्दी जाते. स्वर निर्माण करण्याचे काम पलीकडच्या वाद्याचे.

ही वर्दी येण्यापूर्वी काय होते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. चरणजित सिंग यांचा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संग्रह १९८२ चा. रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे त्यांनी त्यात वापरली. पहिल्या दोन यंत्रांवर पाच पिनांची खाच होती, दिसायला थेट मिडीसारखी; पण तिच्यातून फक्त तालाचे ठोके जात, स्वर नव्हे. दुसऱ्या कंपनीचे यंत्र जोडायचे तर पुन्हा नवी डोकेदुखी.

अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये एका सामाईक भाषेचा प्रस्ताव मांडला. त्यात वेग १९,२०० बिट होता. रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि इतर जपानी कंपन्यांशी झालेल्या चर्चेतून तो वाढला, आणि जानेवारी १९८३ च्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली. नवा वेग ३१,२५० च का? दहा लाखांना ३२ ने भागून पाहावे. एक मेगाहर्ट्झच्या घड्याळावरून साध्या विभाजनाने हा वेग मिळे, म्हणजे वाद्यात महागडे सुटे भाग घालावे लागत नसत. संगीतशास्त्राचा येथे काहीही संबंध नाही. निर्णय निव्वळ काटकसरीचा होता.

त्या काटकसरीचे पडसाद नवी मुंबईपर्यंत पोहोचतात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या या शहरात पुढे अभियांत्रिकी महाविद्यालये आली, आणि मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून इंटेलची १९८० ची ८०५१ ही चिप तेथील प्रयोगशाळांतही पोहोचली. सुटे भाग मात्र लॅमिंग्टन रोडचे. १९९२ मध्ये रेल्वे वाशीला आल्यावर कुर्ला-दादरला गाडी बदलत ग्रँट रोड गाठता येऊ लागले. (१९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नरचे नाव बाजाराला अजून चिकटलेले आहे, रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग.)

संगणकाशी ९,६०० च्या वेगाने अचूक बोलता यावे म्हणून ८०५१ च्या सरावाच्या बोर्डांवर सहसा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असे. त्यावरून मिडीचा वेग काढू गेल्यास २८,८०० मिळतो, म्हणजे जवळपास ८ टक्क्यांची चूक. दहा बिटांच्या चौकटीत शेवटच्या बिटांपर्यंत ती इतकी साचते की पलीकडचे वाद्य भलतेच वाचते. तोच क्रिस्टल काढून १२ मेगाहर्ट्झचा बसवला की भागाकार नेमका ३१,२५० येतो. चिप तीच, बदल एका छोट्या सुट्या भागाचा.

इटलीत २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनोने हा अडसर नकळत दूर केला. उनो बोर्डावरील एटमेगा-३२८ चे १६ मेगाहर्ट्झ ३१,२५० च्या नेमके ५१२ पट आहेत. खोड मात्र एक होती : तिच्यात हार्डवेअरचे सिरियल पोर्ट एकच. मिडी-इन त्यावरच जोडलेले असेल, तर नवा प्रोग्रॅम चढवताना दर वेळी ती तार काढावी लागे.

जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरचा रास्पबेरी पाय पिको आला आणि घरगुती डब्यांचे मेंदू बदलू लागले. मेमरी २ किलोबाइटवरून २६४ वर गेली, सिरियल पोर्ट दोन झाली, आणि बोर्ड संगणकाला थेट यूएसबी-मिडी उपकरण म्हणून दिसू लागला. बदलाचे खरे कारण हेच असावे. वेगासाठी चिप बदलणे व्यर्थ : एका स्वराचे तीन बाइट केबलमधून जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, चिप कोणतीही असो.

१९८३ चे मंडल ५ व्होल्ट गृहीत धरून आखलेले होते. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मिडी-आउटचे जुने २२० ओहमचे दोन रेझिस्टर तसेच ठेवून ३.३ व्होल्ट दिले, तर ५ मिलिअँपिअरऐवजी जेमतेम ३ वाहतात. काही वाद्ये ऐकतात, काही मुकी राहतात. २०१४ च्या सुधारित विद्युत-मानकात यासाठी ३३ आणि १० ओहम सांगितले आहेत. मिडी-इनकडे धोका उलटा. ऑप्टोकपलरचा पुल-अप ५ व्होल्टलाच राहिला तर पिकोची पिन निकामी होऊ शकते, तो ३.३ ला जोडावा.

आणखी एक गंमत. उनोवर सहा खटके थेट जोडता येत, ‘प्रगत’ पिकोवर तीनच. पिकोचे मोजमाप १०२४ ऐवजी ४०९६ पायऱ्यांत होते खरे, पण ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या चार आकड्यांवर ते थबकते. हा दोष निर्मात्यांनीच चिपच्या माहितीपत्रकात नोंदवला आहे.

चार पायऱ्यांचे एवढे काय, असे वाटेल. महाराष्ट्रात याच प्रश्नावर शतकापूर्वी कडाक्याचा वाद झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. १९१६ च्या बडोद्यातील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती चर्चेला आली. भातखंडे यांना ती पटली नाही. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमलाच मज्जाव केला, तो १९७१ मध्ये सैल झाला. पेटीवरचा एक मुख्य आक्षेप : तिच्यावर मींड निघत नाही.

मिडीसुद्धा पट्ट्यांच्या वाद्यासाठी घडलेली भाषा. मींडेसाठी तिच्यात ‘पिच बेंड’ नावाची १६,३८४ पायऱ्यांची वेगळी सोय आहे. बेंडची मर्यादा दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वर असेल, तर पिकोचे थबकणे एका सेंटच्याही आत राहते, ते कानाला कळणार नाही. सतारीसारखी लांब मींड हवी म्हणून मर्यादा दोन्हीकडे एक सप्तक केली, की तेच थबकणे सुमारे ५ सेंटचे होते. सर्वांत लहान श्रुत्यंतर साधारण २२ सेंटचे. म्हणजे संथ मींडेत पाव श्रुतीचा खाचखळगा, आणि तो नेमका नव्या चिपमुळे.

उपाय सोपा आहे. एमसीपी-३२०८ ही आठ मार्गांची, १२ बिटांची स्वतंत्र मोजमाप-चिप ३.३ व्होल्टवर चालते. ती जोडली की खळगा जातो आणि हरवलेले खटकेही परत येतात. ऑगस्ट २०२४ च्या पिको-२ मध्ये निर्मात्यांनी मोजमापाचा हा दोष दूर केला. मात्र तिच्या सुरुवातीच्या चिपांत दुसराच दोष निघाला : अंतर्गत पुल-डाउन लावलेली पिन सुमारे २ व्होल्टवर अडकून राहते. म्हणून त्या बोर्डावर डबीची बटणे पुल-अप पद्धतीनेच जोडावीत.