परदेशगमनाचा परवाना आणि ‘कुशल’ या शब्दाचा अर्थ

परदेशी काम करण्याचा परवाना हा विषय आज सामान्यतः यजमान देशाच्या वकिलातीशी निगडित समजला जातो. परंतु आपल्याकडील कायद्यांचा क्रम पाहिला असता असे दिसते की, ‘कुशल कामगार’ कोणास म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार दीर्घकाळ येथील सरकारकडे होता; आणि तो ठरविताना प्रत्यक्ष कौशल्याचा विचार फारसा झालेला नाही.

करारबद्ध मजुरीची पद्धत मोडीत निघाल्यावर 1922 साली देशांतरगमनाचा कायदा झाला. त्यातील व्याख्या मुळातून वाचण्याजोग्या आहेत. कारागिरी, कारकुनी, दुकानातील नोकरी, प्रदर्शने व करमणुकीचे खेळ, उपाहारगृहातील सेवा, एवढेच नव्हे तर घरगुती चाकरीही ‘कुशल काम’ ठरली. शेती मात्र स्पष्ट शब्दांत ‘अकुशल’. म्हणजे साहेबाचा खानसामा कुशल आणि वारणाकाठी ऊस पिकविणारा शेतकरी अकुशल! गुऱ्हाळावरील काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवावी हे जाणणारा गुळव्या शेतकऱ्यांत मोडावा की कारागिरांत, हे कायद्याचे शब्द वाचून सुटत नाही.

या विभागणीचे कारण इतिहासात आहे. मळ्यांवरील मजुरांच्या हालांची स्मृती ताजी असल्याने अकुशल कामासाठी होणारे गमन, सरकारने जाहीर केलेल्या देशांखेरीज, निषिद्ध ठरले. कुशल माणसे नेणाऱ्यास मात्र प्रांतिक सरकारची परवानगी काढता येई. अर्जात माणसांची संख्या, ठिकाण, प्रवासातील सोय, प्रकृतीची काळजी, परत आणण्याची तरतूद, कराराच्या अटी आणि द्यावयाचे तारण, हे सर्व नमूद करावे लागे. अर्जदार कामगार नसे, त्यास नेणारा असे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिवाय कायदा ब्रिटिश हिंदुस्थानातून समुद्रमार्गे होणाऱ्या गमनास लागू होता. वारणेचे दक्षिण तीर कोल्हापूर संस्थानात असले तरी मुंबई बंदरातून करारावर निघणारा तेथील माणूसही त्याच्या कक्षेत येई.

स्वातंत्र्योत्तर काळात या अंकुशाची जागा पासपोर्टाने घेतली. राष्ट्रकुलाच्या नागरिकांस ब्रिटनमध्ये 1962 पर्यंत प्रवेश मुक्त होता. अडसर होता तो येथे पासपोर्ट मिळण्याचा. परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली दिला व त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. तोवर ब्रिटनने आपले दार अर्धे लोटून घेतले होते. 1962 च्या कायद्यान्वये ठरलेली नोकरी असणारे, विशिष्ट पात्रता असणारे आणि इतर, असे तीन वर्ग पाडून कामाचे परवाने दिले जाऊ लागले. तिसरा वर्ग थोड्याच वर्षांत बंद पडला. कौशल्याची व्याख्या अशा रीतीने परकीय श्रममंत्रालयाच्या हाती गेली.

1922 चा कायदा 1983 साली रद्द होऊन नवा आला. त्याने अकुशल मजुरी, घरकाम, वाहन हाकणे, यंत्र चालविणे, कारागिरी, टंकलेखन, परिचर्या ही सर्व कामे एकाच व्याख्येत गोवली. जुनी रेषा पुसली गेली. पुढे दहावी उत्तीर्ण असणे ही नवी रेषा झाली. त्याच 1983 साली, तात्यासाहेब कोरे यांच्या साखर कारखान्याभोवती वसलेल्या वारणानगरात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. हा निव्वळ योगायोग आहे. पण उसाच्या शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा देशांतर-तपासणीतून सुटतो आणि त्याचा न शिकलेला चुलतभाऊ आखाती देशात जाण्यासाठी तीत अडकतो, हा भेद या काळातलाच आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10,000 कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. जर्मन कायदा सामान्यतः परदेशी प्रमाणपत्राची जर्मन शिक्षणाशी समकक्षता तपासतो. मार्च 2024 पासून मात्र किमान दोन वर्षांचे, मायदेशी शासनमान्य असलेले शिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असणाऱ्यास, पुरेसे वेतन मिळत असल्यास, त्या तपासणीवाचूनही वाट मोकळी झाली आहे. गुळव्याच्या हाती अनुभव आहे. शासनमान्य कागद नाही.