मोफोंगो, केळी आणि आजीचं उखळ

गेल्या रविवारी मुरबाडच्या घरी मोफोंगो केला. मंडळी, नावाला हसू नका. न्यू जर्सीच्या आतेभावानं पोर्तो रिकोच्या शेजाऱ्यांकडे खाल्लेला हा पदार्थ. कच्ची केळी तळायची, गरम असतानाच लसूण-मीठ घालून लाकडी खलात कुटायची, गोळा वळायचा आणि रश्शाबरोबर खायचा. त्या खलाला तिकडे पिलोन म्हणतात. आमच्या पडवीत आजीचं उखळ कित्येक वर्षं नुसतंच पडून आहे. म्हटलं, त्याला काम देऊ.

मूळ कृतीत डुकराची तळलेली कातडी असते. आमच्याकडे ते चालणं शक्य नव्हतं, म्हणून भाजलेली सुकट घातली. राजेळी केळी मिळाली तर उत्तम (वसईची सुकेळी तिचीच करतात). मला बाजारात साधी भाजीची मिळाली. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर चिकाचे डाग दोन दिवस जात नाहीत. आणि आच मंद ठेवा. माझा पहिला घाणा लाल झाला आणि मग कुटता कुटेना.

केळ मूळ न्यू गिनी आणि आग्नेय आशियाकडचं. तिथून ते भारतात आलं, आफ्रिकेत गेलं. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मगुरूनं कॅनरी बेटांवरून ते कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर नेलं. त्याच सुमारास तिथे उसाचे मळे उभे राहत होते आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली जात होती. केळ स्वस्त, बारमाही, पोट भरणारं. मालकांना तेवढंच हवं होतं. पण शिजवलेले कंद कुटून गोळा करायची रीत त्या माणसांची स्वतःची, आफ्रिकेतली. बरोबर दुसरं काही आणायची सोयच नव्हती. पोर्तो रिकोतल्या १८५९च्या एका पाककृतींच्या पुस्तकात मोफोंगो आहे. तिथली गुलामगिरी संपली १८७३मध्ये. म्हणजे पदार्थ पुस्तकात आला आणि त्यानंतर १४ वर्षांनी तो कुटणारे हात मोकळे झाले!

असो. मुसळाचा आवाज ऐकून आजी पडवीत आली. गोळा पाहून म्हणाली, "तांदूळ सरलं का रं?"

मला आधी कळलंच नाही.

आजीचं माहेर शहापूरकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. आषाढ-श्रावणात कणगीतला दाणा संपला की रानातून कडू कंद आणायचे. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. घाई केली तर घशाला खाज आणि उलट्या. ही विद्या कातकरी शेजारणीनं शिकवलेली. धुतलेले काप आजी आणि तिची आई उखळात ठेचून त्याचे गोळे करायच्या. हे तिनं मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. घरी करांदे उकडले तर ती ताटात घेत नाही, एवढंच ठाऊक होतं. आम्हाला वाटायचं, चव आवडत नसेल.

मी तिला सांगितलं की तिकडे हा गोळा आता हॉटेलात कोळंबी भरून मिळतो, लोक आवडीनं मागवतात. तिनं ऐकून घेतलं. मग कोंबडीच्या रश्शात तांदळाची भाकरी कुस्करली आणि गोळ्याची वाटी माझ्याकडे सरकवली.