दर्गा रोड, परभणी

परभणीत दर्गा रोडवर राहणाऱ्यास पत्ता सांगताना पिराचे स्मरण करावेच लागते. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यानेच या वस्तीला नाव दिले.

येथील उरसाची खुबी त्याच्या तारखेत आहे. उरूस सामान्यतः हिजरी पंचांगाने भरतात. ते वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे उरूस दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकत साऱ्या ऋतूंतून फिरतो. परभणीचा मात्र २ फेब्रुवारीस ठरलेला! त्या सुमारास कापूस विकून कुणब्याच्या कनवटीला चार पैसे असतात, रानात ज्वारी दाण्याने भरलेली असते. साहजिकच खेडीपाडी लोटतात. कुणी नवस फेडतो, कुणी चादर चढवतो. हिंदू-मुसलमानांच्या लेकी बांगड्या मात्र एकाच दुकानात भरतात.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. रझाकारांचा जुलूम आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरचा सूड, यांमुळे मराठवाड्यात शेजाऱ्याला शेजाऱ्याचे भय वाटू लागले होते. राजवट पाच दिवसांत बदलली. भय जावयास पिढ्या लागतात. ते अशा जत्रांतल्या ओळखीपाळखीनेच ओसरते. म्हणून वाचकहो, मराठवाड्याचा इतिहास सांगताना १७ सप्टेंबरच्या शेजारी २ फेब्रुवारीही मांडावी.